बाईकचे आरसे काढून फिरणं: खरंच गरज नाही की नुसती सवय?

कोथरूडचा_रायडर
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघितलं तर कितीतरी बाईक्सना आरसेच नाहीत, आणि आहेत त्यातले बरेच आत दुमडलेले नाहीतर आभाळाकडे तोंड करून. विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. लुक जातो, गर्दीत अडकतात, पार्किंगमध्ये कोणीतरी तोडून जातं, आणि "मला गरजच पडत नाही". पहिली तीन मी समजू शकतो, चौथ्याबद्दल बोलायचंय.

माझ्या मते आपल्याकडे आरसा सगळ्यात जास्त लागतो तो खड्ड्यासाठी. सिंहगड रोडवर नाहीतर कुठल्याही रस्त्यावर बाईकवाला सारखी जागा बदलत असतो, कधी खड्डा, कधी वर आलेलं ड्रेनेजचं झाकण, कधी पुढची रिक्षा पॅसेंजर दिसला म्हणून आहे तिथेच थांबते. ताशी ४० ने चाललात तरी एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते. खड्डा दिसल्यावर हातात तेवढाच वेळ असतो, त्यात मान मागे वळवून बघाल तर खड्ड्यातच जाल आणि न बघता उजवीकडे घ्याल तर मागून येणाऱ्या टेम्पोच्या पुढ्यात जाल. म्हणजे मागे कोण आहे हे खड्डा दिसायच्या आधीच माहीत असायला पाहिजे, आणि ते थोड्या थोड्या वेळाने आरशात नजर टाकल्याशिवाय कळत नाही. मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही, कोणाकडे असेल तर सांगा.

थंपर_सातारा
मी आरसे न लावणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे उत्तर देतो. माझी जुनी ३५० सीसी सिंगल सिलिंडर आहे, साठच्या पुढे गेली की आरशात मागचा ट्रक आहे की झाड आहे तेही कळत नाही एवढं थरथरतं. त्या आरशावर विश्वास ठेवून वळलो असतो तर आज लिहायला नसतो. मान वळवून बघितलेलं खरं असतं. आरशाला ब्लाईंड स्पॉट असतो, म्हणजे बाजूचा काही भाग त्यात दिसतच नाही, त्यात आपल्याकडचे बहुतेक आरसे बहिर्गोल, गाडी असते त्यापेक्षा लांब आणि लहान दिसते. लोक आरशात बघतात, लांब आहे समजून वळतात आणि तिथेच घात होतो.

दुसरं म्हणजे धोका असतो पुढे. १९८१ चा हॅरी हर्ट यांचा अमेरिकेतला प्रसिद्ध अभ्यास आहे, लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त वेळा धोका सरळ समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आतच होता. सारखं मागे बघत बसलात तर पुढचं कोण बघणार?

ट्रॅकडे_प्रसाद
+१ थंपर. कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर उतरताना आरसे काढायला नाहीतर टेप लावायला सांगतात. आरसा एवढा जीव वाचवणारा असता तर सगळ्यात वेगात चालवणाऱ्यांना काढायला कशाला लावला असता?

सानिका_एन
प्रसाद, ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, ओव्हरटेक करणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे तिथे मागून पीएमपीची बस येत नाही. ते उदाहरण रस्त्याला लावू नका.

थंपरदादा, मान वळवून बघा हे तुमचं बरोबर आहे, मीही बघते. पण माझ्या स्कूटरवर मागे मुलगी बसलेली असते, तिच्या पाठीवर दप्तर, माझ्या पायाशी भाजीची पिशवी, वर हेल्मेट. अशा वेळी खांद्यावरून मागे बघायला गेलं की हँडलही थोडं त्याच बाजूला जातं, स्कूटरची चाकं लहान, लगेच झोल जातो. शिवाय मागे बसलेलं माणूस मधे येतं, अर्धं काही दिसतच नाही. आरशात बघायला मात्र फक्त डोळे हलवावे लागतात. एकट्याने मोठी गाडी चालवणाऱ्याने ठरवलेला नियम सगळ्यांना कसा लागू होईल?

आणि डावा आरसा तर माझ्यासाठी उजव्यापेक्षा महत्त्वाचा. शाळेच्या गेटपाशी डावीकडे घ्यायचं असतं तेव्हा त्या चिंचोळ्या फटीतून कोणीतरी पोरगं जोरात आत घुसतंच. आपल्याकडे डावीकडून ओव्हरटेक करू नये हे पुस्तकात आहे, रस्त्यावर नाही.

नियम_म्हणजे_नियम
एवढी चर्चा कशाला, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आरसा लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ चा सर्वसाधारण दंड पण १०० चा ५०० झालाय.

थंपर_सातारा
दंडासाठी लावणारे चौक संपला की दुमडतात. ज्याला त्याचा उपयोग पटलेला नाही तो लावूनही बघणार नाही, त्यामुळे पटवून द्यायचं असेल तर उपयोग सांगा, कलम नको.

कोथरूडचा_रायडर
थंपर, हर्टच्या अभ्यासाबद्दल. तो लॉस एंजेलिसचा आहे, आणि तिथला मुख्य अपघात म्हणजे समोरून येणारी कार बाईकच्या आडवी वळते. ते आपल्याकडेही होतं, पण आपल्याकडे त्याच रस्त्यावर ट्रक, सहा आसनी, ट्रॅक्टर, बाईक सगळे वेगवेगळ्या स्पीडने चालतात. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात अपघातांच्या प्रकारांत मागून धडक हा सगळ्यात मोठा प्रकार आहे, २१ टक्क्यांच्या वर. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची होती. ही माणसं आहेत, आपल्यासारखी ऑफिसला जाणारी येणारी, म्हणून मला हा विषय "ज्याची त्याची आवड" म्हणून सोडता येत नाही.

पुण्यातला नवले पूल आठवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये कात्रज बोगद्याकडून उतारावर आलेल्या ट्रकने मागून किती गाड्या उडवल्या होत्या.

थंपर_सातारा
दोन्ही आकडे खरे, पण तुम्ही त्यातून काढताय ते निघत नाही. मागून धडक म्हणजे कोणी कोणाला? रात्री हायवेवर लाईट न लावता उभ्या केलेल्या ट्रेलरला मागून जाऊन धडकणारा बाईकवाला पण त्याच २१ टक्क्यांत येतो, आणि त्याला आरसा काय करणार, त्याला पुढेच बघायचं होतं. नवले पुलाचं तर बोलूच नका, भरलेला ट्रक ताबा सुटून उतारावर येतो तेव्हा आरशात दिसला तरी गर्दीत जायचं कुठे? तो प्रश्न उताराचा आणि अवजड वाहनांच्या स्पीडचा आहे, तो बाईकवाल्याच्या आरशावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

कोथरूडचा_रायडर
नवले पुलाचा मुद्दा मान्य, ते उदाहरण इथे बसत नाही. ट्रेलरचंही बरोबर आहे. पण खड्ड्याच्या मुद्द्याला तुम्ही अजून हात लावलेला नाही. एका सेकंदात मान वळवणार की खड्डा चुकवणार?

थंपर_सातारा
स्पीड कमी करणार. खड्ड्यातून सावकाश जाईन, जागा सोडणार नाही.

सानिका_एन
स्पीड कमी करायलाही मागचं माहीत पाहिजे ना! आता बऱ्याच नव्या गाड्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारे ब्रेक) नाहीतर सीबीएस (पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी सोय) असतं, म्हणजे ब्रेक चांगले लागतात, तुम्ही थांबाल, पण मागे चिकटून येणारा कारवाला फोनवर असेल तर तो थांबणार आहे का? मी ब्रेक लावायच्या आधी आरशात बघते, कोणी फार चिकटलेलं असेल तर आधीपासून ब्रेक दोन तीन वेळा हलका दाबून मागचा लाल दिवा दाखवते. हे मान वळवून कसं करणार?

फोंडेकर
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडच्या पायलटांना, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना विचारा, मागे पॅसेंजर बसवून दिवसभर चालवतात, जुने लोक दोन्ही आरसे नीट ठेवतात. पण पावसाचं कोणीच बोललं नाही. आमच्या पावसात आरशावर थेंब बसले की काही दिसत नाही आणि रेनकोटची टोपी हेल्मेटखाली घातली की मानही वळत नाही. दोन्ही गेलं. तेव्हा मी थंपरशी सहमत, स्पीड कमी करून आपली लाईन सोडायची नाही. बाकीचे आठ महिने मात्र आरसा पाहिजेच.

गॅरेज_नगररोड
दोन्ही बाजू वाचल्या. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून सांगतो, "आरशात काही दिसत नाही" म्हणणाऱ्यांचा आरसा बहुतेक वेळा चुकीचा लावलेला असतो. निम्म्या आरशात स्वतःचा खांदा दिसत असतो. गाडीवर नेहमीसारखं बसा, हेल्मेट घालून, मग आरसा बाहेर फिरवत न्या, आतल्या कडेला कोपर जेमतेम दिसेल इथे थांबा, आणि मागचा रस्ता साधारण मध्यावर ठेवा. एवढं केलं तरी बाजूचा ब्लाईंड स्पॉट राहतोच, म्हणून वळायच्या आधी हनुवटी खांद्याकडे नेऊन एक नजर टाकायची, पूर्ण मागे वळायची गरज नाही. आरसा की मान असं भांडण मला समजत नाही, आरसा आधी आणि मान शेवटी.

फॅशनवाले बारके आरसे घेऊ नका. काच एवढीशी असते की गाडी दिसायच्या ऐवजी ठिपका दिसतो.

थंपर_सातारा
आणि थरथरीचं काय? तो माझा मूळ मुद्दा आहे, त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

गॅरेज_नगररोड
आधी हँडलचे क्लॅम्प आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट चेक करून घ्या, जुन्या गाडीत ते ढिले असले की सगळ्यात आधी आरशात कळतं. तरी थांबलं नाही तर हँडलच्या टोकाला बसणारा, रबर असलेला जरा जड आरसा लावा. लांब दांडीचा आरसा जास्त हलतो. पूर्ण स्थिर होणार नाही हे आधीच सांगतो, पण मागे ट्रक आहे की झाड एवढं नक्की कळेल.

थंपर_सातारा
ठीक आहे, क्लॅम्प बघतो आणि उजवा लावून बघतो. डावा नाही, माझी गाडी घराच्या बोळातून दोन्ही आरशांसकट आत जात नाही.

सानिका_एन
डावा दुमडणारा घ्या ना, बोळ संपला की बाहेर काढायचा. हायवेला लागायच्या आधी तरी.

अक्षय_एफझी
गॅरेजवाले दादा, माझ्या यामाहाला बाजारातला साधा उजवा आरसा बसतच नाहीये, दोन दुकानं फिरलो. आटे मारावे लागतील का?

गॅरेज_नगररोड
आटे अजिबात मारू नका, हँडलची बाजू खराब होईल. यामाहाच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात, डावीकडे फिरवल्यावर टाईट होतो. दुकानात "यामाहाचा उजवा" असं सांगूनच मागा, नाहीतर मधे लावायचा अडॅप्टर मिळतो तो घ्या. बसवल्यावर चौदा नंबरच्या पान्याने खालचा चेकनट (आरसा ढिला होऊ नये म्हणून असलेला नट) टाईट करायला विसरू नका, तो पण उलटाच फिरतो.