निळी व्हँडा ऑर्किड: अस्सल की संकरित?
ताई, नर्सरीवाल्याने 'सेरुलिया' या मूळ रानटी जातीची म्हणून दिलेली तुमची निळी व्हँडा मला संकरित वाटते. अस्सल सेरुलियाच्या पाकळ्या बुडाशी पिळलेल्या असतात, त्यामुळे फुलात फटी दिसतात. तुमचं फूल पुरीसारखं गोल, पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. हा गोलपणा बहुधा फिलिपिन्सच्या सँडेरियाना या दुसऱ्या व्हँडाकडून आलाय. या दोघींचा 'रॉथ्सचाइल्डियाना' हा संकर १९३१ सालचा. (निवडून वाढवलेली अस्सल रोपंही कधी कधी बरीच गोल फुलतात, तेवढी पळवाट आहे.) जाळीदार नक्षीवर मात्र जाऊ नका, ती सेरुलियातही असते. आणि सेरुलियासारखं मेघालयातल्या खासी टेकड्यांच्या गारव्यातलं झाड मुलुंडच्या गॅलरीत, ऐन मे महिन्यात एवढं खुशीत? मला शंका तिथेच आली. ओठाचा (फुलाच्या मध्याखालच्या वेगळ्या पाकळीचा) जवळून फोटो टाका ना. सेरुलियाचा ओठ अगदी लहान, गडद जांभळा असतो. बाकी फूल झकास आहे हो, फक्त अस्सलच्या भावात घेतलं नसलंत म्हणजे झालं!