बेळगावात एसी लावून खिडकी उघडी ठेवावी का?

मार्कंडेयकाठ (धागा सुरू करणारा)

मार्च उजाडला की टिळकवाडी असो वा अनगोळ, प्रश्न एकच: तीन स्टार घेऊ की पाच स्टार? बेळगाव शहरापुरतं म्हणाल तर हा प्रश्न दुय्यम आहे. आधी खोलीतल्या हवेचं बघा.

एसीच्या वीजबचतीच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात ते १६०० तास वापर आणि बाहेर २४ ते ४३ अंश तापमान धरून. आपलं गाव साडेसातशे मीटर उंचीवर. कडक उन्हाळ्यातही पारा ३६-३७ च्या पुढं क्वचित जातो आणि मध्यरात्रीनंतर २१-२२ वर उतरतो. इथं एसी लागतो मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, रात्रीचे सहा तास. ७० रात्री धरा, ४२० तास झाले. दीड टनात तीन आणि पाच स्टारच्या लेबलमधला फरक साधारण २३० युनिटांचा. ४२० तासांना त्यातले ६० वाट्याला येतात. कर-अधिभार धरून युनिट सात रुपयाला पडलं तरी वर्षाला चारशे-सव्वाचारशे रुपये. किमतीतला फरक आठ हजार असेल तर तो वसूल व्हायला एकोणीस वर्षं. तेवढं आयुष्य एसीला तरी असतं का?

आता हवा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवून थंड करतो. जुन्या विंडो एसीला निदान व्हेंटची एक दांडी असायची, ती ओढली की थोडी हवा बदलायची. १० बाय १२ ची खोली, १० फूट उंची, म्हणजे ३४ घनमीटर हवा. झोपलेली दोन मोठी माणसं तासाला साधारण २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या गच्च लावल्या, दाराखाली पट्टी बसवली, की पहाटेपर्यंत खोलीत त्याचं प्रमाण दोन ते अडीच हजार पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग) सहज होतं. बाहेर असतं ४२० च्या आसपास. हे काही विष नव्हे. पण सकाळी डोकं जड, घसा कोरडा, एकाची सर्दी चौघांना, हे त्याच कोंदट हवेत चालतं.

म्हणून सांगणं असं की एक टनाचा तीन स्टार इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा एसी) घ्या, २६ वर ठेवा, वर कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा मध्यम वेगानं आणि खिडकीला दोन बोटं फट. वाचलेल्या आठ हजारांत ऊन परतवायला गच्चीच्या स्लॅबला चुना मारून घ्या.

गणपतगल्ली_२

एसी लावून खिडकी उघडूलास? डोकं ठिकाणावर हाय न्हवं? वीज कंपनीचे हेस्कॉमवाले हार घालायला येतील बघ.

हिशेबी_मीटर

हिशेब नीट मांडलाय, पण एक ओळ गाळलीय आणि ती आपल्या राज्यात सगळ्यात महाग पडते. गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना.

मोफत युनिट ठरतात ते २०२२-२३ च्या सरासरीवर थोडी वाढ धरून. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले तर मात्र त्या महिन्याचं पूर्ण बिल तुमचं. समजा घराची हक्काची मर्यादा ११० आहे. एप्रिलमध्ये पाच स्टारवर घराचा एकूण वापर १८५ झाला, तर ७५ युनिटांचे सव्वापाचशे रुपये. तोच वापर तीन स्टारवर २४-२५ युनिट जास्त, म्हणजे २०९ झाला, तर सगळ्या २०९ चे साडेचौदाशे. एका महिन्यात नऊशे रुपयांचा खड्डा. तीन महिने असं झालं की तुमची एकोणीस वर्षं तीनावर येतात. ज्यांचा उन्हाळी वापर १७० ते २१० च्या पट्ट्यात आहे त्यांनी पाच स्टारच घ्यावा. १२० वाल्यांना आणि ३०० वाल्यांना मार्कंडेयकाठ यांचं गणित लागू.

दुसरी गोष्ट, फट. दोन बोटं फट म्हणजे नेमकी किती हवा? चार फूट उंच खिडकीला दोन बोटांची फट ठेवली, वारा पडलेला असला आणि आतबाहेर चार अंशांचाच फरक असला, तर तासाला १२-१३ घनमीटर हवा बदलते. दोन माणसांना ३५ लागते. वारा सुटला की तीच फट शंभर देते, मग एसी गावाला गारवा वाटत बसतो. हवेला माप लावायचं तर पंखा हवा. फट भरवशाची नाही.

मार्कंडेयकाठ

गृहज्योतीचा मुद्दा बिनशर्त मान्य. तो पट्टा ध्यानात आला नव्हता.

फटीबद्दल अर्धं मान्य. खोलीला लागून बाथरूम असेल तर तिथला सहा इंची एक्झॉस्ट तासाला साधारण २०० घनमीटर ओढतो. तो सतत चालवला तर जास्त होतं. तासातून दहा मिनिटं चालला तर सरासरी ३३-३४ पडते, म्हणजे हवी तेवढीच. चालू-बंद करणारा सायक्लिक टायमर इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. बाथरूमचं दार चार बोटं उघडं आणि समोरच्या खिडकीला फट, म्हणजे हवा खोलीभर फिरून जाते. एक्झॉस्ट आणि फट एकाच भिंतीला असतील तर आलेली हवा तिथूनच परत जाते, पलंगापर्यंत पोचतच नाही.

आणि याचा खर्च? दमट रात्री, बाहेर २८-३० आणि आत २६ असताना, ३५ घनमीटर ताज्या हवेनं एसीवर साधारण १८० वॅट उष्णतेचा बोजा येतो. त्यातला मोठा वाटा गरमीचा नव्हे, बाष्पाचा. विजेत ४५-५० वॅट. आठ तासांत जेमतेम ०.४ युनिट, म्हणजे तीन रुपयांच्या आत. एप्रिलमध्ये बारानंतर बाहेरच गार असतं, तेव्हा हा खर्च उलटा वजा होतो.

फ्लेअर_नट

एक्झॉस्ट सांगताय तर हेही सांगा. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हा उद्योग अजिबात नको. बंद खोलीतून एक्झॉस्ट हवा ओढतो, तेव्हा गीझरचा जळका वायू वर न जाता खाली ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गीझर बाहेर काढा, मग टायमर लावा. शिवाय न वापरलेल्या बाथरूमच्या ट्रॅपमधलं (जाळीखाली गटाराचा वास अडवणारं) पाणी आटलेलं असतं, एक्झॉस्ट गटाराचा वास घरात खेचतो आणि दोष एसीला लागतो. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता जाळीत.

आता स्टारबद्दल. तीन-पाचचा वाद घालता आणि बसवणाऱ्याकडे बघतही नाही. नवा एसी बसवताना पाइपातली हवा काढायची असते व्हॅक्यूम पंपानं. वीस-तीस मिनिटं पंप, काटा ५०० मायक्रॉनच्या (पाइपात उरलेल्या दाबाचं माप) खाली, पंप बंद करून दहा मिनिटं काटा चढत नाही ना ते बघायचं, मग व्हॉल्व्ह उघडायचा. बरेच जण पंप जिन्याखालीच ठेवतात आणि एसीतलाच थोडा गॅस फुस्सकन सोडून "हवा निघाली" म्हणतात. निघत नाही. उरलेली हवा बाहेरच्या युनिटातल्या कंडेन्सरमध्ये (गरम गॅस थंड करणाऱ्या नळ्यांत) जागा अडवते, दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो. ओल राहिली तर तेल खराब. त्या दिवशीच पाच स्टारचा तीन स्टार होतो, लेबल तसंच चिकटलेलं.

आउटडोअर युनिट बाल्कनीत ठेवून पुढं ग्रिल आणि ग्रिलला शेडनेट, हे तर शहापुरात दर तिसऱ्या घरी. गरम हवा तिथल्या तिथं फिरते. मागं फूटभर आणि पुढं निदान पाच-सहा फूट मोकळं पाहिजे.

आणि दरवर्षी गॅस भरायचा नसतो हो. गॅस काही पेट्रोल नव्हे, संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती. पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटावर साबणाचा फेस लावा, बुडबुडा दिसेल तिथं गळतंय. गॅस आर-३२ जातीचा असेल तर आत राहिलेला गॅस पूर्ण काढून, व्हॅक्यूम करून, प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमनं वजनकाट्यावर भरायचा. अंदाजपंचे नाही.

अथणी_रोड

तुमची सगळी चर्चा शहराची. जिल्हा म्हणजे बेळगाव कॅम्प नव्हे. अथणी, रायबाग, चिकोडीकडं एप्रिलात ४० अंश आणि हवा एवढी कोरडी की ओठ फुटतात. तिथं एसीची गरजच काय? कूलर १५०-२०० वॅटवर चालतो, बाहेरची शंभर टक्के ताजी हवा आत ढकलतो आणि वर तुमचा कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न जन्मालाच येत नाही. फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर दोन तासांत खोलीचा चिंब वाडा होतो. टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, तळ घासून, उन्हात वाळवायचा. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून उडेपर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांचं असतं, म्हणून आठवडा.

हिशेबी_मीटर

@अथणी_रोड, कूलर तिकडं बरोबर, पण तुमच्याच भागात तुमची ताजी हवा तपासा. ऊसतोड झाली की मार्चपर्यंत पाचट पेटवतात. काजळी उडत येऊन वाळत घातलेल्या धोतरावर बसते हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारी बारीक धूळ, पीएम २.५, ती कूलरच्या गवतातून वा हनीकोंब पॅडच्या भोकांतून सरळ आत. आपलं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. धुराच्या संध्याकाळी दोन्हींची आशा नको. त्या वेळी खिडक्या बंद आणि बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा प्युरिफायर. ३४ घनमीटरच्या खोलीला सीएडीआर (तासाला किती हवा साफ करतो ते) निदान १७० घनमीटर प्रतितास बघून घ्या. एसीच्या जाळीवर "पीएम २.५ फिल्टर" म्हणून जी काळी पट्टी चिकटवून देतात ती हेपा नव्हे. जाळी केस आणि कापसाची लव अडवते, बस. आणि प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, त्यामुळं धूर ओसरला की खिडकी उघडायचीच.

अथणी_रोड

पाचटाचं मान्य. पण ते रोज नसतं, आणि तुमच्या बंद एसी खोलीत लोक डासांची कॉइल लावून झोपतात त्याचं काय? २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारी बारीक धूळ ७५ ते १३७ सिगारेटींएवढी भरली होती. पाचट बरं म्हणायची पाळी.

मार्कंडेयकाठ

कॉइलबाबत दुमत नाही. खिडकीच्या फटीलाच जाळी बसवा, पंखा चालू ठेवा. पंख्याच्या झोतात डास नीट बसत नाही.

खानापूर_जांभा

सगळे उन्हाळ्यावर बोलताय. आमच्याकडं उन्हाळा दोन महिने आणि ओल चार महिने. खानापूर-जांबोटी पट्ट्यात जुलैत लोक एसी लावतात तो गारव्यासाठी नव्हे, कपाटातली बुरशी थांबावी म्हणून. आणि तिथंच चुकतात.

जुलैची हवा बाहेर २३ अंश, आर्द्रता ९० टक्के. ती आत येऊन २६ वर गेली की आर्द्रता ७५ पर्यंत उतरते. बुरशीला पृष्ठभागावर ८० च्या वर लागते. म्हणजे हवा फिरती ठेवली तर खोलीच्या मध्यभागी बुरशी येत नाही. येते ती भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागं, जिथं भिंत गार आणि हवा थांबलेली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, निम्मं काम झालं. आता एसी २० वर लावला की काय होतं? या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं तो) २१ च्या पुढं असतो. खोली २० वर गेली की शेजारच्या खोलीच्या बाजूनं तीच भिंत घामेजते. आपली खोली कोरडी, भिंतीपलीकडं आजीच्या खोलीत पोपडे. २६ च्या खाली जाऊच नका.

दीड टनाचा इन्व्हर्टर लहान खोलीत पावसाळ्यात तर निरुपयोगी. उष्णता कमी, मशीन मोठं, त्यामुळं कॉम्प्रेसर रेंगाळत चालतो, एसीतली गार नळ्यांची कॉइल पुरेशी गार होत नाही, पाणी गळून पडत नाही. खोली गार आणि चिकट. ड्राय मोडमध्ये ब्लोअर हळू फिरतो, कॉइल गार राहते, तोच वापरा. ड्रेनच्या नळीखाली बादली ठेवून बघा: कूल मोडवर तासात पेलाभर आणि ड्रायवर लिटरभर, असं होत असेल तर मोठं मशीन गळ्यात पडलंय असं समजा. नुसती ओलच काढायची असेल तर २००-२५० वॅटचा डीह्युमिडिफायर एसीपेक्षा स्वस्त पडतो.

गणपतगल्ली_२

आणि चालू करताना पहिली पाच मिनिटं जो ओल्या पायपुसण्याचा वास येतो तो?

फ्लेअर_नट

ओली कॉइल तशीच बंद केली की त्यावर बुरशी धरते, त्याचा. बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसता फॅन मोड. नव्या मशिनात ऑटो क्लीन असतं, लोक बटण दाबतात आणि लगेच भिंतीवरचा मेन स्विच बंद करतात, मग कसलं क्लीन. जाळी दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्यानं. उद्यमबागेजवळ फाउंड्रीची धूळ असते तिथं आठवड्याला. वास तरीही राहिला तर ब्लोअरचा ड्रम काढून धुवायचा. वरून स्प्रे मारून काही होत नाही.

हिशेबी_मीटर

मूळ धाग्यातल्या चुन्याचं राहिलं. वरच्या मजल्यावर ५ इंची स्लॅब संध्याकाळी आठला खालून ३६-३८ अंशांवर असतो. १२० चौरस फुटांतून साधारण पाऊण किलोवॅट उष्णता खोलीत उतरते, एक टन एसीचा पाचवा हिस्सा. तिथं चुना आधी, एसी नंतर, यात मी तुमच्या बाजूनं. पण तुमचा चुना आपल्या पावसात टिकत नाही, दर फेब्रुवारीत पुन्हा दोन हात. मधल्या मजल्यावर राहणाऱ्याला त्याचा शून्य उपयोग, त्यानं पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई टांगावी. आतून पडदा लावून उपयोग नाही, ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं.

मार्कंडेयकाठ

मधल्या मजल्याचं बरोबर. खिडकीच्या फटीवर मात्र मी ठाम आहे, टायमर नसलेल्यांनी काय करायचं? कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेऊन बघा. एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरवाला घ्या, दीड हजारातले बहुतेक उदबत्तीच्या धुरालाच कार्बन डायऑक्साइड समजतात. घेतल्यावर आधी गच्चीवर न्या, ४२० ते ४५० दाखवला तर खरा. मग एक रात्र फट बंद, एक रात्र उघडी, आणि पहाटे पाचचा आकडा इथं टाका.

गणपतगल्ली_२

पहाटे पाचला उठणार कोण?