मदत हवी आहे : सोपवलेले काम फिरून माझ्याकडेच येते

नमस्कार. माझ्या टीममधील सहकारी कामात तरबेज आहेत, म्हणून ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देण्याचे काम मी अपेक्षित स्वरूप आणि मुदत लेखी कळवून त्यांच्याकडे सोपवले आहे. तरीही प्रत्येक उत्तराचा मसुदा ‘एकदा नजरेखालून घालावा’ एवढ्याच ओळीसह माझ्याकडे येतो. मी त्यात दोन शब्द बदलले की पुढचा मसुदाही हमखास येतो आणि निर्णय शेवटी मलाच घ्यावा लागतो. जबाबदारी दिली, पण अधिकार मात्र पोहोचला नाही, असे तर होत नसावे? तक्रारदार ग्राहकाला कोणती सवलत सहकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात द्यावी आणि कोणती मला विचारून, हे ठरवून देण्याचा विचार आहे. परंतु चूक झाल्यास उत्तरदायित्व माझेच राहणार असल्याने (आणि ते तसेच राहायला हवे) ही मर्यादा नेमकी कुठे आखावी, हे उमगत नाही. नवख्याला आणि अनुभवी व्यक्तीला सारखीच मोकळीक देणे मला तरी पटत नाही. आपण ही मर्यादा कशी ठरवता, आढावा कोणत्या टप्प्यावर घेता आणि मत विचारायला आलेल्या सहकाऱ्याला न दुखावता निर्णय त्याच्याकडेच कसा परत सोपवता, हे कृपया अनुभवावरून सांगावे.