अनुभव धागा: टपाल-तारेच्या संग्रहालयात तुमच्याबरोबर कोण होतं?

धागाकर्ती, गिरगाव

गेल्या हिवाळ्यात बाबांना दिल्ली दाखवायला नेलं. संसद मार्गावरच्या डाक भवनात राष्ट्रीय फिलाटेली संग्रहालय, म्हणजे टपाल तिकिटांचं संग्रहालय, आहे, तिथे जायचा हट्ट माझा. डोक्यात ‘सिंद डाक’ होतं: १८५२ सालचं, आशियातलं पहिलं टपाल तिकीट, किंमत अर्धा आणा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथला कमिशनर बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. तिकीट आधी लाल लाखेच्या टिकलीवर उठवलं, पण ती ठिसूळ, वाटेतच तडकायची. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव दिला, तर दिव्याच्या उजेडात तो दिसेना. शेवटी निळ्या रंगात छापलं. एवढं सगळं मी बाबांना सांगत होते आणि बाबा शेजारी नव्हतेच!

ते एका तारखेच्या शिक्क्यापुढे उभे होते. बाबा आयुष्यभर पोस्टमन, पण आधी चार वर्षं पॅकर होते. ते सांगायला लागले. सकाळी कुलूप उघडलं की पहिलं काम म्हणजे चिमट्याने शिक्क्यातले तारखेचे खिळे, म्हणजे आकड्यांचे छोटे ठसे, बदलायचे. मग पहिला ठसा वहीत उमटवायचा आणि त्यावर पोस्टमास्तरांची सही घ्यायची. तारीख चुकली तर दिवसभराची टपाल चुकीच्या दिवशी निघाली असं होणार. मग उजव्या हाताने हवेतच करून दाखवलं: एकदा शाईच्या गादीवर, एकदा पाकिटावर, धप्-ठक, धप्-ठक. कोपर जागचं हलत नव्हतं, फक्त मनगट. पस्तीस वर्षं एका घरात राहून मी हे कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही असं संग्रहालय, प्रदर्शन पाहिलं असेल तर लिहा. वस्तूंबद्दल लिहाच, पण बरोबर कोण होतं आणि ते काय बोलले, ते आवर्जून लिहा.

तारबाबू, परळ

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी हुतात्मा चौकातल्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात होतो. टेलिप्रिंटर आले होते, तरी काही लाइनी मोर्सवर, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीवर, चालायच्या. खटक्याचा आवाज कानाने ऐकायचा आणि हाताने थेट इंग्रजी लिहायचं. मध्ये विचाराला जागाच नसते. हात लिहून जातो, अर्थ नंतर कळतो.

१९७४ च्या पावसाळ्यात एक तार घेतली. पत्ता आमच्याच चाळीचा, नाव शेजाऱ्यांचं. वडील गेल्याची बातमी, चार शब्द. तारेतला मजकूर बाहेर सांगायचा नाही हा कायदा, आणि आम्ही तो पाळायचो. ड्यूटी संपली, घरी आलो. शेजारी गॅलरीत बसले होते, म्हणाले, या, चहा घ्या. मी बसलो. त्यांनी गावच्या भाताची चौकशी काढली, मी हं हं करत राहिलो. अर्ध्या तासाने खाली सायकलची घंटा वाजली. त्यांच्या आधी मी उठून उभा राहिलो, ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

१४ जुलै २०१३ च्या रात्री तारसेवा बंद झाली. त्या दिवशी रांगेत उभं राहून नातवाच्या नावाने एक तार केली. तो तेव्हा दोन वर्षांचा. परवा एका प्रदर्शनात काचेमागे पितळी मोर्स की दिसली, तेव्हा तोच बरोबर होता. ही गोष्ट पहिल्यांदा त्याला सांगितली. शेजारी आता नाहीत.

पाकीटवेडा, दादर

मी जुनी पाकिटं जमवतो. जीपीओच्या, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या, फिलाटेलिक ब्युरोत माझी फेरी असतेच. जुन्या पाकिटांवर ‘मुंबई २८’ असं असतं, ते आमचं दादर. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला तेव्हा तोच २८ पुढे चारशे लावून ४०० ०२८ झाला. गिरगावच्या ४ चे ४०० ००४ झाले. मुंबईकरांना नवीन फारसं पाठ करावं लागलं नाही.

ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावाची गावं, पत्त्यांच्या नाना भाषा आणि नाना अक्षरं यांतून वाट काढायला त्यांनी सहा आकडे दिले. पहिला विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्टाचे. पाचवीतल्या भाच्याला हे पाकिटांवरून दाखवलं, तर त्याने घरातल्या सगळ्या कुरियरच्या खोक्यांवरचे पिन वाचून काढले.

आणि जीपीओची इमारत हेच मोठं दालन आहे. जॉन बेगचा आराखडा, १९१३ साली पूर्ण झालेली, घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर. तिकीट घ्यायचं निमित्त काढा आणि मधल्या दालनात मान वर करून दोन मिनिटं उभे राहा. फोटो काढायचा तर आधी विचारा.

जुनी ऑपरेटर, डोंबिवली

फ्रँकफुर्टला लेकीकडे गेले होते तेव्हा तिथल्या संचार संग्रहालयात गेलो. तबकडीच्या फोनांच्या मेंढ्या उभ्या आहेत तिथे. तोंड फोनचं, पाय रिसीव्हरचे, लोकर म्हणजे गुंडाळीची वायर. जावई हसत होते, मला मात्र भरून आलं.

पुढे जुना स्विचबोर्ड होता. मी ट्रंकवर, म्हणजे परगावच्या कॉलवर, होते. कॉर्ड ओढून जॅकमध्ये घालायची, बोलणं संपलं की काढायची. खाली वजन असतं, त्यामुळे ती आपली आपण सरसर आत जाते. साधा कॉल तासन्तास लागायचा नाही. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. पी.पी. म्हणजे ठरावीक माणूसच फोनवर हवा. दिवाळीत लोक पहाटेपासून बुक करून बसायचे, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं काम आमच्याकडे. पलीकडे बाई रडत असायची आणि मला “थ्री मिनिट्स ओव्हर” म्हणावं लागायचं. कधीकधी मी थोडा उशीर करायचे.

लेकीने तिथेच विचारलं, “आई, हे कधी बोलली नाहीस?” कुणी विचारलंच नव्हतं.

चाकरमान्याची नात, लालबाग

मी एका प्रदर्शनात मनीऑर्डरचा फॉर्म पाहिला, फ्रेममध्ये, कोरा. मला तो कोरा बघवेना. आजोबा गिरणीत, आजी देवगडकडे. पगार झाला की मनीऑर्डर. फॉर्मच्या खाली संदेशाचं छोटं कुपन असायचं, तेवढंच पैसे घेणाऱ्याकडे राहायचं. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन पैसे मोजायचा, अंगठा घ्यायचा आणि ओटीवर बसून कुपन वाचून दाखवायचा. अख्ख्या वाडीला आमच्या घरचं ठाऊक असायचं, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

ती जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. कुपनं ठेवायचा आजीचा बिस्किटांचा डबा काकांकडे आहे असं ऐकून आहे. विचारते.

धागाकर्ती

नक्की विचारा. तारबाबू, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तार घेऊन जिना चढताना आम्ही मुद्दाम पाय वाजवायचो, दार उघडेपर्यंत माणूस तयार होतो.

चाकरमान्याची नात, लालबाग

डबा मिळाला. एकसष्ट कुपनं आहेत, काहींना कसर लागली आहे. सगळ्यात वरच्यावर आजोबांच्या हातचं असं आहे: “रु. ४० पाठविले. कौले परतून घे. पोराच्या फीचे ठेव. मी बरा आहे. गणपतीला रजा मिळेल असे वाटते.” पुढे जागा संपली म्हणून उभ्या कडेने, बारीक अक्षरात: “पोस्टमनला चहा दे.”