मदत हवी आहे: येणारा फोन बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो

तारतुटली
ऑफिसात ॲस्टरिस्क आहे (फोन चालवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर). कॉल लागतो, दोन्हीकडे आवाज स्वच्छ, आणि अर्ध्या मिनिटात खटकन बंद. घड्याळ लावून पाहिलं, दर वेळी ३२ सेकंद. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. सेटिंगला कुणी हात लावलेला नाही. संध्याकाळच्या आत सुटायला हवं, थिअरी नको.

पॅकेटवाला
शीर्षकात येणारा म्हणताय, मग जाणारे टिकतात का? कॉल संपवायचा 'बाय' निरोप कोण पाठवतं, तुमचा सर्व्हर की पलीकडचा, फोन कंपनीचा? राऊटरवर एसआयपी एएलजी (कॉल जुळवणाऱ्या एसआयपीच्या निरोपांतले पत्ते बदलणारी सोय) चालू आहे का?

बचतराव
कोडेक (आवाज डेटात बदलायची पद्धत) बदला. जी.७११ मध्ये दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज, त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी (आवाज वाहून नेणारी पद्धत) यांचं मिळून ४० बाइटचं हेडर. म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस. जी.७२९ वर तेच २४ मध्ये भागतं. लाइन भरली की कॉल पडणारच.

खडूस_ॲडमिन
@बचतराव, लाइन भरली तर आवाज तुटक येईल, यंत्रमानवासारखा होईल. घड्याळाच्या काट्यावर कॉल कशाला पडेल? ३२ म्हणजे टायमर. एसआयपीतला टी१ हा मूळ टायमर अर्ध्या सेकंदाचा, त्याची ६४ पट. फोन उचलला की सर्व्हर '२०० ओके' (कॉल घेतला) पाठवतो आणि 'ॲक'ची, म्हणजे पोचपावतीची, वाट बघतो. नाही आला तर तोच ओके पुन्हा: अर्ध्या सेकंदाने, मग १, मग २, मग दर ४ सेकंदांनी. ३२ भरले की स्वतःच बाय. एसआयपीचे निरोप दाखवणारा लॉगर चालू करून बघा, ओकेंची रांग दिसेल.

तारतुटली
जाणारे तासभर चालतात. लॉगमध्ये २०० ओके ढीगभर आहेत. हे चांगलंच ना?

खडूस_ॲडमिन
एका कॉलला एकच हवा. ढीग म्हणजे ॲक हरवतोय. त्या ओकेतली 'कॉन्टॅक्ट'ची ओळ वाचा, पत्ता कुठला आहे? ॲक तिथे जातो.

निवांत
डेटा वाचवायचा असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे.

तारतुटली
पत्ता जुना दिसतोय. परवा इंटरनेटची लाइन बदलली, पण त्याचा इथे काय संबंध?

पॅकेटवाला
हे पहिल्या ओळीत हवं होतं! लाइन बदलली की बाहेरचा आयपी बदलला. पीजेसिपच्या (ॲस्टरिस्कचा एसआयपी सांभाळणारा भाग) फाइलमध्ये ट्रान्सपोर्टखाली 'एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस' आणि 'एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस', दोन्हीकडे नवा पत्ता टाका. एकच बदलून थांबू नका.

बचतराव
पत्ता चुकीचा तर मग इन्व्हाइट (कॉल सुरू करायची मागणी) पोचतो कसा? आणि आवाज?

खडूस_ॲडमिन
प्रश्न रास्त आहे. रजिस्टर (तुमच्या सर्व्हरने केलेली नोंदणी) ज्या पत्त्यावरून आणि पोर्टवरून आलं ते पलीकडचा सर्व्हर लक्षात ठेवतो आणि इन्व्हाइट तिकडेच धाडतो. आवाजाचंही तेच: एसडीपीत (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा मजकूर) काही का लिहिलेलं असेना, आरटीपी जिथून येतं तिथेच परत पाठवतात. सगळे सर्व्हर इतके समजूतदार नसतात, पण यांचा दिसतोय. ॲकला मात्र ही सवलत नाही, तो कॉन्टॅक्टवर लिहिलं तिथे जातो.

तारतुटली
दोन्ही बदलले, रीलोड केलं. परत ३२!!

पॅकेटवाला
ट्रान्सपोर्टमधले बदल साध्या रीलोडने लागू होत नाहीत. ॲस्टरिस्क पूर्ण रीस्टार्ट करा. 'कोअर रीस्टार्ट व्हेन कन्व्हिनिअंट' दिलंत तर चालू कॉल संपेपर्यंत थांबेल.

चौकस
नव्या राऊटरवर एएलजी बंद करायचं विसरू नका, तो पत्ते अर्धवट बदलून ठेवतो. आणि वॅनवर (राऊटरच्या इंटरनेटकडच्या बाजूला) १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर लाइन सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटणारी सोय) आहे. तो पत्ता फाइलमध्ये टाकून उपयोग नाही, सार्वजनिक स्थिर आयपी मागा.

तारतुटली
११ मिनिटं झाली, कॉल चालू आहे! वॅनवर तसला पत्ता नाही, पण स्थिर आहे का ते विचारतो. आता दोन फोनवर स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय, तेवढं सांगा लवकर.

खडूस_ॲडमिन
नवा धागा काढा. फोन कोणता, हँडसेट की स्पीकर, आणि परत आलेला आवाज नक्की कुणाला ऐकू येतो, हे *आधी* लिहा.