मदत हवी आहे: नीलगिरीच्या सीएलटीसाठी रोलिंग शिअरचा आकडा कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

नीलगिरीच्या फळ्या चिकटवून तीन थरांच्या सीएलटी (क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, म्हणजे एकाआड एक थर आडवा-उभा चिकटवलेलं लाकूड) पट्ट्या तयार केल्या आहेत आणि त्यांच्या बेंडिंग चाचण्या घेते आहे. प्रत्येक थर २० मिमी, एकूण जाडी ६० मिमी. बाहेरच्या दोन थरांचे तंतू स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) दिशेने, मधल्याचे आडवे. स्पॅन जाडीच्या १८ पट, म्हणजे १०८० मिमी, आणि लोड दोन ठिकाणी, तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यावर.

सुट्या फळ्यांच्या चाचण्यांतून ई (तंतूंच्या दिशेतला लवचिकतेचा मोड्यूलस, म्हणजे लाकडाच्या ताठपणाचं माप) सुमारे १२,००० मेगापास्कल मिळाला. तो वापरून नुसत्या बेंडिंगचा हिशेब केला, तर मोजलेलं डिफ्लेक्शन (पट्टीचा झोल) त्यापेक्षा साधारण चौथ्या हिश्श्याने जास्त भरतं. जास्तीचा भाग मधल्या आडव्या थराच्या रोलिंग शिअरचा असणार, हे मला पटतं. तिथे तंतू एकमेकांवरून गडगडू बघतात, जमिनीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या काठ्यांवरून फळी सरकवावी तसे. पण हिशेबात घालायचा रोलिंग शिअर मोड्यूलस (या सरकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) आणायचा कुठून?

डिझाइनच्या पुस्तकांत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा आकडा सापडतो, ५० मेगापास्कलच्या आसपास. नाहीतर 'तंतूंच्या दिशेतल्या शिअर मोड्यूलसचा दहावा हिस्सा' हा ठोकताळा. दोन्ही मऊ लाकडावरचे. सीएलटी १९९०च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत वाढलं, ग्राझच्या तंत्रविद्यापीठात त्यावर पायाभूत काम झालं, आणि ते प्रामुख्याने स्प्रूसवर. बीच या कठीण लाकडावरच्या प्रयोगांत हा आकडा स्प्रूसच्या कितीतरी पट निघाला आहे. मग नीलगिरीला ५० लावणं म्हणजे तिच्यावर अन्याय, आणि मनाने मोठा आकडा धरणं धोक्याचं.

माझ्याकडे यूटीएम (नमुन्यावर लोड देणारं चाचणी यंत्र) आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारी मापकं) आहेत. ठोकळ्यावरच्या थेट शिअर चाचणीचं फिक्स्चर नाही. एवढ्या सामग्रीत विश्वासार्ह आकडा निघेल का?

दुसरी काळजी डिंकाची. एक-घटक पॉलियुरेथेन वापरलं आहे. व्हॅक्यूम-प्रेशरने भिजवून सुकवल्यावर काही नमुन्यांच्या ग्लूलाइन (थरांमधले डिंकाचे सांधे) उघडतात. दोष डिंकाचा की लाकडाचा, हे कसं ओळखावं?

झटपट वाढणारी झाडं फक्त लगदा आणि जळण म्हणून संपू नयेत, त्यांतून तुळया आणि स्लॅब उभे राहावेत असं मला फार वाटतं. त्यासाठी त्या त्या लाकडाचे स्वतःचे आकडे हवेत.

प्रतिसाद १

आकडा निघेल, पण एका स्पॅनवरून काढू नका. तुमच्या मापांवर हिशेब करून पाहिला. तीन समान थरांत बेंडिंगच्या ताठपणाचे २७ पैकी २६ हिस्से बाहेरच्या थरांचे असतात, त्यामुळे मधला थर बेंडिंगमध्ये जवळजवळ गैरहजर. शिअरमध्ये मात्र सगळी सूत्रं त्याच्याच हाती.

शिअर मोड्यूलस तंतूंच्या दिशेत ८०० आणि मधल्या थराला ८० मेगापास्कल धरले, तर शिअर अ‍ॅनालॉजी पद्धतीने (थरांचा शिअरही धरणाऱ्या हिशेबाने) शिअरचं डिफ्लेक्शन बेंडिंगच्या सुमारे २९ टक्के येतं. ८० च्या जागी १६० घातले की १६ टक्के. तुमच्या चौथ्या हिश्श्यावरून उलटं गेलं तर उत्तर ९०-९५ च्या घरात पडतं. खरी गोम पुढे आहे. ई मुळात १० टक्क्यांनी कमी असेल, तर तेच मोजमाप सुमारे १८५ दाखवतं, म्हणजे दुप्पट! लाकडात फळीगणिक ई तेवढा सहज बदलतो. सुट्या फळ्यांचा ई आणून वजाबाकी करण्यात म्हणूनच अर्थ नाही. ई आणि जी (शिअर मोड्यूलस) दोन्ही एकाच पट्टीतून निघायला हवेत.

त्याच पट्टीवर, ती तुटणार नाही इतपतच लोड देऊन, चार-पाच वेगवेगळे स्पॅन घ्या. लोडची जागा प्रत्येक वेळी तिसऱ्या हिश्श्यावरच. प्रत्येक स्पॅनला शिअर न धरता आभासी ई काढा. त्याचा व्यस्त उभ्या अक्षावर, जाडी भागिले स्पॅन याचा वर्ग आडव्या अक्षावर. बिंदू सरळ रेषेत यावेत. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथून खरा ई मिळतो आणि उतारावरून पूर्ण पट्टीचा शिअर ताठपणा. त्यातून मधल्या थराचा आकडा सोडवता येतो. ६०० मिमी स्पॅनला ८० मेगापास्कल धरून शिअरचा वाटा जवळपास बेंडिंगइतका होतो, म्हणून छोटे स्पॅन वगळू नका. फक्त तिथे आधाराखाली लाकूड चेपतं आणि ते डिफ्लेक्शनमध्ये मिसळतं. रुंद पत्रे ठेवा आणि गेज आधाराच्या वर पट्टीवरच टेकवलेल्या चौकटीवर बसवा, मशीनच्या टेबलावर नको.

प्रतिसाद २

डिंकाबद्दल माझा अनुभव. उघडलेली जागा पाचरीने पूर्ण फोडा आणि भिंगातून बघा. दोन्ही बाजूंना तंतू चिकटलेले असतील, तर लाकूडच ग्लूलाइनला लागून फाटलं आहे. पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असेल, तर डिंकाने पकड घेतलेली नाही.

घनदाट लाकूड भिजल्यावर जास्त फुगतं आणि ताठही असतं. सीएलटीत शेजारचा आडवा थर त्याला फुगू देत नाही, सगळा ताण ग्लूलाइनवर. थर पातळ केले तर हा ताण कमी होतो. नीलगिरीतली अर्कद्रव्यं रंधा मारल्यावर पृष्ठभागावर येत राहतात, म्हणून रंधा आणि डिंक यांत वेळ जाऊ देऊ नका. पॉलियुरेथेनसाठी अशा लाकडावर प्रायमर (डिंकाआधी लावायचा लेप) बहुधा लागतोच. फळ्यांमधली आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास आणि आपसात जवळजवळ सारखी आहे ना?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आर्द्रता सारखी आहे. फोडलेल्या नमुन्यांत दोन्ही प्रकार दिसतात, पण चकचकीत जास्त, तेव्हा पुढची खेप प्रायमर लावून करते. आणखी एक शंका: माझ्या फळ्या लहान ओंडक्यांच्या आहेत, काहींत गाभा अगदी जवळ आहे. त्याने रोलिंग शिअर बदलेल का?

प्रतिसाद १

नक्की बदलेल, कारण गाभा किती जवळ आहे त्यावर फळीतल्या वाढीच्या वलयांचा कल ठरतो. स्प्रूसमध्ये वलयं फळीच्या पृष्ठभागाशी तिरकी असली की मोड्यूलस वाढतो, सपाट किंवा उभी असली की घटतो. रुंदी जाडीच्या चौपटीहून कमी असलेल्या, कडेने न चिकटवलेल्या फळ्यांत ताकदही कमी मिळते. मधल्या थरातल्या प्रत्येक फळीच्या टोकाचा फोटो चिकटवण्याआधी काढून ठेवा आणि पट्टीच्या क्रमांकासोबत इथे टाका. आकड्यांतला फरक त्याशिवाय उलगडणार नाही.