मदत हवी आहे : काकाडूची शैलचित्रे वाटाड्यासह पाहण्याविषयी

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही सिडनीहून डार्विनला जाणार असून सोबत सत्तरीतले सासूसासरे असतील. काकाडू राष्ट्रीय उद्यानातील उबिरची शैलचित्रे, विशेषतः माशाचा कणा आणि पोटातले अवयवही दिसतील अशा ‘क्ष-किरण’ शैलीत रंगवलेले बारामुंडी मासे, त्यांना दाखवायचे आहेत. डार्विनपासून उबिर सुमारे ३०० किलोमीटर असल्याने एका दिवसाच्या सहलीत निम्मा वेळ बसमध्येच जाईल, अशी शंका वाटते. त्यापेक्षा उद्यानातल्याच जबिरू गावी मुक्काम करावा का?

ईस्ट ॲलिगेटर नदीपलीकडे, आर्नहेम लँड या आदिवासींच्या प्रदेशातील इंजालाक टेकडीवर स्थानिक आदिवासी वाटाडेच चित्रे दाखवतात, आणि ज्यांच्या पूर्वजांनी ती काढली त्यांच्याच तोंडून ऐकणे मला अधिक मोलाचे वाटते. मात्र तिथे जायला परवाना लागतो, वाटेतले काहिल्स क्रॉसिंग (नदी ओलांडायचा सखल रस्ता) भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते (मगरी तर आहेतच!) आणि टेकडीचा चढ खडकाळ आहे. गुडघेदुखी असलेल्यांना तो झेपेल का? परवाना सहलीचे आयोजक काढून देतात की स्वतंत्र अर्ज करावा लागतो? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे.